न उघडलेल्या पहिल्या आवृत्तीचे करायचे काय?

समासवाचक
‘कोरी प्रत’ यांनी काल आपल्या संग्रहातील ‘द सिटिझन केन बुक’च्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीविषयी लिहिताना बजावले की, अशी प्रत एकदा मायलारच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) आवरणात गेली की पुन्हा उघडू नये, वाचायचेच असेल तर पुनर्मुद्रण घ्यावे आणि जॅकेट, म्हणजे वरचे सुटे कागदी वेष्टन, नसलेली प्रत रद्दीच समजावी. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. कादंबरी कोरी ठेवण्याचा हट्ट मी एक वेळ समजू शकतो; पण समीक्षेचे पुस्तक वाद घालण्यासाठीच लिहिलेले असते, आणि चित्रपटसमीक्षक पॉलीन केल यांच्या या पुस्तकाने तर मोठेच भांडण उभे केले. ‘सिटिझन केन’ या चित्रपटाच्या पटकथेचे खरे श्रेय दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचे नसून पटकथाकार हर्मन मँकिविट्झ यांचे आहे, असे ठासून सांगणारा त्यांचा दीर्घ लेख फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या दोन अंकांत आला आणि त्याच वर्षी पटकथेसह पुस्तकरूपाने निघाला. माझी प्रत एका ग्रंथालयाने काढून टाकलेली, अर्थातच जॅकेटविना आहे. वेल्स यांनी पटकथेची एकही ओळ लिहिली नाही, असे मँकिविट्झ यांच्या सेक्रेटरीच्या हवाल्याने जिथे म्हटले आहे, तिथे समासात शिसपेन्सिलीने ‘वेल्सना विचारले का?’ अशा अर्थाचा प्रश्न आहे, आणि त्याखाली दुसऱ्याच हस्ताक्षरात ‘गरज वाटली नसावी’. या रद्दीचा मला अभिमान आहे.

कोरी प्रत
आपल्या अभिमानाला माझी हरकत नाही, परंतु जॅकेटविषयी आपण जे गृहीत धरले आहे ते चुकीचे आहे. प्रकाशकाने पुस्तक कोणत्या शब्दांत वाचकापुढे ठेवले, लेखिकेची ओळख कशी करून दिली, मुखपृष्ठावर कोणाला किती जागा दिली, हे सारे जॅकेटवरच असते; आणि ग्रंथालये नेमके तेच फाडून, आत शिक्के मारून, पुस्तकाची अर्धी साक्ष नष्ट करतात. शिवाय जॅकेटवाचून फसवणूकही ओळखता येत नाही. एका विक्रेत्याने मला एक जुना समीक्षासंग्रह पहिली आवृत्ती म्हणून विकला होता. जॅकेटच्या आतल्या घडीचा किंमत छापण्याचा कोपरा कापलेला होता, आणि भेट देताना किंमत दिसू नये म्हणून तो कापला असावा, असे मला सांगण्यात आले. घरी जॅकेट उतरवल्यावर मागच्या पुठ्ठ्यावर, खाली कण्याजवळ, बोटाला जाणवेल एवढा लहानसा खळगा सापडला. ती बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत होती, पहिली आवृत्ती नव्हे. ज्यांनी असा चटका खाल्लेला नाही, त्यांनी संग्राहकांना वाचनाचे धडे देऊ नयेत.

तिसरी घंटा
आपण दोघे पुठ्ठ्यावर आणि पेन्सिलीवर भांडत आहात, पण जे पुस्तक मुळातच खोटे ठरले आहे ते एवढे जपायचे कशासाठी? दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांनी १९७२ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात त्याची चिरफाड केली, आणि अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांनी १९७८ मध्ये पटकथेचे एकामागून एक झालेले खर्डे ताडून वेल्स यांचा वाटा निर्णायक असल्याचे दाखवले. त्याहून संतापजनक बाब अशी की, हॉवर्ड सुबर या अध्यापकाचे संशोधन केल यांनी वापरले आणि पुस्तकात त्यांचे नावही घेतले नाही. दुसऱ्याचे श्रेय कोणी बुडवले याविषयी लिहिणाऱ्या व्यक्तीनेच श्रेय बुडवावे, याला काय म्हणावे! मी स्वतः एका नियतकालिकासाठी वर्षानुवर्षे परीक्षणे लिहिली, आणि ती संपादकांच्या नावाने छापली गेली. त्यामुळे या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे कौतुक माझ्याच्याने होणार नाही.

पुठ्ठाबांधणी
आपल्यावर अन्याय झाला, म्हणून केल यांच्या लेखातील सर्वच बाद होत नाही. पटकथेच्या ऑस्करवर वेल्स यांच्या जोडीने मँकिविट्झ यांचेही नाव होते, तरी पुढे सारा मान एकट्या दिग्दर्शकाकडे गेला, हे खोटे आहे काय? मँकिविट्झ १९५३ मध्येच निवर्तले होते. त्यांची बाजू मांडायला कोण उरले होते? तीसच्या दशकातील विनोदी पटकथाकारांविषयी केल यांनी जे रसरशीत लिहिले आहे, ते कॅरिंजर यांच्या एकाही तळटीपेत सापडणार नाही.

तिसरी घंटा
रसरशीत असणे हा पुरावा असेल, तर अफवा सर्वांत विश्वसनीय ठरतील. वेल्स १९८५ पर्यंत हयात होते. त्यांना एक प्रश्न विचारायला केल यांना कोणी अडवले होते? मँकिविट्झ यांची बाजू मांडायला कोणी नव्हते म्हणता, तर त्यांच्याबरोबर काम केलेले जॉन हाउसमन केल यांना माहिती पुरवत होते, आणि हाउसमन यांचे वेल्स यांच्याशी बिनसले होते, हेही आपण सोयीस्करपणे विसरता.

पुठ्ठाबांधणी
हाउसमन यांच्याबाबत आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि केल यांनी वेल्स यांना विचारायला हवे होते, हेही. आता आपण विजयोत्सव साजरा करावा. मात्र बोग्दानोविच हे वेल्स यांचे निकटचे स्नेही होते, एवढे त्या उत्सवात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे.

समासवाचक
हे भांडण पन्नास वर्षे चालू आहे, आणि म्हणूनच पहिली आवृत्ती उघडलेली हवी. पुस्तक चुकलेले असेल, तर ते कोणत्या पानावर, कोणाच्या भरवशावर चुकले, हे पाहता आले पाहिजे. समीक्षक रॉबिन वुड यांनी दिग्दर्शक हिचकॉकविषयीचे आपले १९६५ चे पुस्तक १९८९ मध्ये जुन्या मजकुरासह पुन्हा छापले आणि त्याला नवी प्रकरणे जोडून स्वतःचीच उलटतपासणी केली. असे धैर्य सर्वांना नसते. इतरांच्या बाबतीत ते काम समासातील पेन्सिलीला करावे लागते.

कोरी प्रत
पेन्सिल निदान खोडता येते, शाईने लिहिणाऱ्यांविषयी मी बोलतच नाही. जॅकेट नसलेली प्रत अभ्यासाला पुरते, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पण तिच्या जोडीला एक तरी धड प्रत कोणीतरी सांभाळली पाहिजे, आणि ते काम आपल्यापैकी कोणी करत असल्याचे मला दिसलेले नाही. ज्यांना दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडायच्या आहेत, त्यांच्यासाठी मी मायलार काढीन. हात धुऊन, पुसून आणि खिशातील पेने बाहेर ठेवून यावे. ‘तिसरी घंटा’ यांचेही स्वागत आहे. फक्त हॉवर्ड सुबर यांच्यावरील भाषण त्यांनी दाराबाहेरच उरकावे.