सोनोग्राफीच्या एका कागदावर गर्भपिशवी काढायची का?

गोदाकाठ:
बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीने केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अशा ऑपरेशनआधी बाईला बहुधा सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवतात: पिशवी सुजलीय, अंडाशयावर गाठ आहे. अहो, पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटरची पाण्याची पुटकुळी धरते, त्यातूनच बीज बाहेर पडतं. दोन-तीन बाळंतपणं झाली की पिशवी थोडी मोठी दिसतेच. पिशवीच्या तोंडावरच्या नॅबोथियन सिस्टना, म्हणजे बारीक पाणगाठींना, सहसा औषधसुद्धा लागत नाही. आणि भीती घालतात कॅन्सरची! पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सोनोग्राफीत दिसतच नाही, त्याला पॅप स्मिअर, म्हणजे त्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, लागतो. एवढ्या कागदावर पिशवी काढणं मला अन्याय वाटतो.

माजलगावकर:
पटलं नाही. माझी आत्या कोयत्यावर जायची. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी नाही, संडास नाही, अंगावरून जातंय तरी मोळी उचलायची. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली. 'तीन महिन्यांनी परत सोनोग्राफीला या' म्हटलं तर ती यायची कुठून? तेव्हा ती कर्नाटकात फडावर. तिनं विचार करून पिशवी काढली. तिला अडाणी ठरवू नका.

गोदाकाठ:
अडाणी कोण म्हणतंय? पण चाळिशीआधी अंडाशयंही काढली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर मोळी सुटली का आत्यांची? आणि हाडांचा, हृदयाचा हा धोका त्यांना आधी कुणी सांगितला होता?

क्ष-किरण लातूर:
मी रेडिओलॉजिस्ट आहे. गोदाकाठ, सोनोग्राफीवरचा विश्वासच उडेल असं लिहू नका. अंडाशयाला पीळ पडला किंवा गर्भ नळीत राहिला, तर तासातासाला धोका वाढतो, आणि पहिली तपासणी हीच. सीटी स्कॅनने जास्त कळेल हाही गैरसमज. बायकांच्या ओटीपोटातल्या दुखण्याला सोनोग्राफीच आधी करायची, तिच्यात किरणोत्सर्ग नाही. शंका राहिली तर एमआरआय. खरी अडचण चिठ्ठीची आहे. आमच्याकडे नुसतं 'यूएसजी पोट', म्हणजे पोटाची सोनोग्राफी, एवढंच लिहून येतं. वय किती, शेवटची पाळी कधी, दुखतं कुठं, काहीच नाही. पाळीचा दिवस माहीत नसेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी मोजून अर्थ काय लावायचा? पोटावरून नीट दिसलं नाही तर आतून सोनोग्राफी करावी लागते. बायका संकोचतात, आणि समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

माजलगावकर:
डॉक्टर, एमआरआयला संभाजीनगर गाठायचं म्हणजे दोघांची रोजी बुडाली. पांढरं जातंय त्याच्या गोळ्या आणि पॅप स्मिअर, एवढं टोळ्या निघायच्या आत, दसऱ्यापर्यंत गावातल्या उपकेंद्रात करून दाखवा. मग आमच्या बायकांना थांबा म्हणून मीच सांगेन.