भावाला माझ्या स्टेम सेल द्यायच्यात, घरचे घाबरलेत, इथे कुणी दिल्यात का?

मिरजेची_लेक:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा. फेब्रुवारीत ताप उतरेना म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, केली तर ब्लड कॅन्सर निघाला, एएमएल नावाचा झपाट्याने वाढणारा प्रकार. पहिल्या किमोनंतर रेमिशनमध्ये आलाय, म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही, पण त्याचं एफएलटी३ (जनुकातला एक बदल) पॉझिटिव्ह आहे, म्हणून डॉक्टर म्हणतात नुसत्या किमोवर आजार उलटायची भीती जास्त, आत्ता रेमिशन आहे तोवर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून घेऊ, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी, स्टेम सेल, दुसऱ्याच्या घालायच्या. आम्ही तिघं भावंडं. एचएलए टेस्ट, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का ते बघायची, केली तर मोठ्या दादाचं अर्धंच जुळलं आणि माझं पूर्ण, १० पैकी १०. रिपोर्ट ऐकून आई देवापुढे जाऊन बसली ती तासभर उठलीच नाही.

माझी तयारी आहे, दुसरा विचारच नाही. पण सासूबाई म्हणतात मणक्यातून काढतात, पुढे कंबर कायमची जाते, पदरात ४ वर्षांची पोर आहे. त्या काळजीनेच बोलतात, मलाच नीट समजावता येत नाहीये. शिवाय माझा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, त्याचा ओ पॉझिटिव्ह, हे चालतं का? आणि मुलीच्या जन्माच्या वेळी आम्ही पैसे भरून कॉर्ड ब्लड, म्हणजे नाळेतलं रक्त, ठेवलंय, ते मामाला देता येणार नाही का, असं मिस्टर विचारतायत.

बहिणीसाठी_दिलं:
ताई, मी ६ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला दिल्या, आज रोज सकाळी ४ किलोमीटर चालतो. आधी सासूबाईंना हे सांगा की मणक्याला कुणी हात लावत नाही. मॅरो काढायचंच ठरलं तर कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन काढतात, आणि आता बहुतेक ठिकाणी तेही करत नाहीत, दंडातल्या रक्तातूनच पेशी घेतात.

त्याआधी ४-५ दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन असतं पोटावर नाहीतर दंडावर, त्याने स्टेम सेल हाडातून रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवसापासून माझी कंबर आणि मांड्या अशा ठणकायला लागल्या की फ्लू आल्यासारखं वाटलं, पॅरासिटामॉल घेऊन काढले ते दिवस. मग मशीनवर ५ तास, एका हातातून रक्त जातं, पेशी वेगळ्या होतात, बाकीचं दुसऱ्या हातात परत. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, मी घाबरलो, सिस्टरने कॅल्शियम दिलं आणि थांबल्या. रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने कॅल्शियम उतरतं म्हणे.

शेवटी त्यांनी बॅग दाखवली. टोमॅटोच्या साराचा रंग, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढीच. तेवढ्याशा पिशवीवर माझी ताई आज उभी आहे. दुसऱ्या दिवशी घरी आलो, आठवड्याने कामावर.

बीएमटी_सिस्टर:
मी ट्रान्सप्लांट युनिटला ११ वर्षं काम करते. ब्लड ग्रुप वेगळा असला तरी चालतं, जुळावं लागतं ते एचएलए. तुमच्या पेशी रुजल्या की काही महिन्यांनी भावाचाच ग्रुप बी होईल. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, तेव्हा तुमच्याकडे जे आहे ते फार मोठं आहे. एक गोष्ट स्पष्ट सांगते, दाता बाई असेल, बाळंतपण झालेलं असेल आणि पेशंट पुरुष असेल तर जीव्हीएचडीचा, म्हणजे नव्या पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्रास देण्याचा धोका थोडा वाढतो. डॉक्टर ते हिशेबात धरतात. पण तेवढ्यासाठी अर्ध्या जुळलेल्या दादाकडे सहसा जात नाहीत.

कॉर्ड ब्लडवर आशा ठेवू नका. मामाशी ते पूर्ण जुळणं अवघड, आणि मोठ्या माणसाला एका पिशवीतल्या पेशी बहुतेक वेळा पुरत नाहीत. आणि पुढे तुमच्या लेकीलाच असा आजार झाला, देव करो नि न होवो, तरी तिचंच रक्त तिला देत नाहीत कारण त्यात आजाराचं बीज असू शकतं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाईनमध्येच लिहिलंय की स्वतःसाठी म्हणून असं साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. बाळंतिणीच्या खोलीत येऊन हे विकतात याची मला मनापासून चीड येते.

आणि हो, तोवर भावाला तुम्ही किंवा घरच्या कुणीच रक्त द्यायचं नाही, त्याच्या शरीरात तुमच्या विरोधात अँटीबॉडी तयार होऊ शकतात. सासूबाईंना हेही सांगा, भारतात हे १९८३ पासून चालू आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये पहिलं झालं तेव्हा ९ वर्षांची मुलगी होती, तिलाही एएमएलच, आणि देणारा तिचा भाऊ.

नवऱ्याची_सोबत:
देणं हा यातला सोपा भाग, मी पुढचं लिहिते कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. पेशी चढवताना काहीच वाटत नाही, रक्त चढवल्यासारखं, अर्ध्या तासात संपलं. त्याच्या आधीची किमो भयंकर असते, जुना मॅरो पूर्ण मोकळा करतात. यांच्या तोंडात एवढे फोड आले की ९ दिवस पाणीसुद्धा गिळलं नाही. बाहेर काचेपाशी उभी राहून मी फक्त फळ्यावरचा पांढऱ्या पेशींचा आकडा बघायची, तो हजारात असतो. ०.१, ०.१, ०.१. सोळाव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले, तीन दिवस तिथेच राहिले तेव्हा डॉक्टर म्हणाले रुजलं.

मग १०० दिवस हॉस्पिटलजवळ राहावं लागतं, आधी आठवड्याला दोनदा दाखवायचं. आम्हाला तळहातांवर लाल पुरळ आली, मी उन्हाने म्हणून एक दिवस थांबले, तो जीव्हीएचडी होता. तुम्ही थांबू नका, पुरळ, जुलाब, डोळे पिवळे, १०० च्या वर ताप, काहीही झालं तरी रात्री-अपरात्री फोन करा. कच्ची कोथिंबीर, चटणी, बाहेरचं दही सगळं बंद, अन्न ताजं, कुकरमधून काढलं की लगेच पानात. वर्षभराने लहान बाळासारख्या लसी परत घ्याव्या लागल्या कारण जुनी प्रतिकारशक्ती पुसली जाते.

आमचं अर्धं जुळलेलं होतं, खोलीचं भाडं धरून २२ लाख गेले. पूर्ण जुळलं तर खर्च कमी येतो. हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून एस्टिमेटचं पत्र आजच मागा, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी दोन्हीकडे ट्रीटमेंटच्या आधी अर्ज करा, झालेला खर्च परत मागायला गेलं की अडतं.

मिरजेची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. बहिणीसाठी_दिलं यांचं सगळं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. साराच्या रंगाची पिशवी म्हटल्यावर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, एवढंच घेणार असतील तर जा, पोरीला शाळेत मी सोडीन.

खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात नंबर लागलाय, माझी ईसीजी, एक्स-रे आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या सोमवारी. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा लांब पडेल का? आई आणि भावाला ३ महिने राहायला खारघरमध्येच, तळमजल्यावर, स्वतंत्र संडास असलेली खोली पाहिजे. कुणाला माहिती असेल तर इथेच लिहा.