लूप कच्चा ऐकायचा की प्रोजेक्टच्या लयीत?

घुमारा
लूप म्हणजे परत परत वाजवायचे तयार तुकडे, आणि सिंक म्हणजे ते गाण्याच्या लयीत आपोआप बसवणं. त्यावर परवाच्या पोस्टमधलं फर्मान असं: ‘सिंक लावून लूप चाळणारे लूप ऐकतच नाहीत, सॉफ्टवेअर ऐकतात. आधी मूळ टेम्पोत ऐका.’ वाचायला झकास! पण गाणं १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) चालू असताना ९६ चा लूप कच्चा वाजवला, तर दोन लयींच्या खिचडीशिवाय कानात काय पडणार? एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझरच्या (फाइलींच्या यादीच्या) तळाशी हेडफोनचं चिन्ह चालू ठेवा, ‘रॉ’ (मूळ टेम्पोत ऐकवणारं बटण) बंद ठेवा. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मीडिया एक्सप्लोररमध्ये ‘टेम्पो मॅच’ आणि ‘स्टार्ट ऑन बार’ लावा. बाणाची कळ दाबत खाली जायचं. लूप बसतो की नाही ते दोन बारमध्ये (आठ ठोक्यांत) कळतं.

खर्जातला
फर्मान माझंच. तुमचंच उदाहरण घेऊ. ९६ चे दोन बार म्हणजे बरोबर ५ सेकंद. १२० ला ते ४ सेकंदांत कोंबले जातात. वॉर्प (लाइव्हची लूप ताणायची-आकसायची सोय) ‘बीट्स’वर असेल तर प्रत्येक ठोका मूळ वेगानेच वाजतो, पण पुढचा लवकर येऊन आधीच्याचं शेपूट छाटतो. डग्ग्याची ‘घे’ घुमायच्या आत खलास. ‘कॉम्प्लेक्स’ लावलं तर चाटीची (तबल्याच्या कडेच्या बोलाची) धार बोथट. ‘री-पिच’मध्ये वेगाबरोबर सूरही चढतो, सगळं जवळजवळ चार सेमिटोन (अर्धे सूर) वर, म्हणजे काळी एकचा (सी शार्पचा) तबला पांढरी चारच्या (एफच्या) दारात. खराबी केली वॉर्पने, कचऱ्यात गेला चांगला लूप. आणि वर म्हणायचं, ‘पॅक बेकार आहे’!

तिहाई
दोघंही मुद्द्याचं सोडून भांडताय. बहुतेक पॅकमधले लूप शून्य डीबीला, म्हणजे आवाजाच्या कमाल पातळीला, टेकवून दिलेले असतात. प्रिव्ह्यूचा आवाज तसाच ठेवलात तर जो जोरात वाजतो तोच ‘भारी’ वाटणार. लाइव्हमधला निळा क्यू नॉब (प्रिव्ह्यूचा आवाज ठरवणारा) आधी खाली घ्या, लूप बाकीच्या ट्रॅकच्या पातळीला येईपर्यंत. शिवाय प्रिव्ह्यू मास्टरवरच्या (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथल्या), आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून जात नाही, म्हणून ट्रॅकवर ओढल्यावर तोच लूप मवाळ लागतो. रीपरमध्ये प्रिव्ह्यू एखाद्या ट्रॅकमधून वाजवता येतो, ती सोय वापरा.

खर्जातला
व्हॉल्यूमचा वेगळा धागा काढा हो.

बारामात्रा
सिंकवाल्यांनी दादरा (सहा मात्रांचा ताल) लावून बघावा, मग बोलावं. १२० ला दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे १२ मात्रा, ६ सेकंद. फाइलमध्ये टेम्पो लिहिलेला नसला की सॉफ्टवेअर लांबीवरून अंदाज बांधतं आणि त्याला चार बार, १६ ठोके, असंच काहीतरी सुचतं. झाला १६० बीपीएम! मग १२० च्या गाण्यावर तो ताणून ८ सेकंदांचा करतं आणि दादरा धापा टाकतो. ८ ठोके धरले तर ८० बीपीएम, म्हणजे ४ सेकंदांत पळापळ.

घुमारा
ही चूक लेबलची आहे, सिंकची नव्हे. अ‍ॅसिडाइज्ड वेव्हमध्ये ठोक्यांची संख्या फाइलीतच असते, तिथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही. नसेल तर लाइव्हमध्ये क्लिपच्या बीपीएमच्या चौकटीत खरा आकडा टाका आणि सेव्ह दाबा. शेजारी लाइव्हची एएसडी ही नोंद-फाइल पडते, पुढच्या वेळी तो आकडा तयार. वेव्ह दुसऱ्या फोल्डरला नेताना एएसडी मागे सोडलीत तर गेलं. एवढंही करायचं नसेल तर खुशाल कच्चं ऐका.

बारामात्रा
चारशे फाइली हाताने? तुम्ही याल का बसायला?
आणि कीचं (सुराच्या पट्टीचं) काय? तबल्याच्या लूपवर कुणीतरी ‘सी’ चिकटवतो, गाणं ‘एफ’मध्ये. अ‍ॅपलच्या लॉजिक सॉफ्टवेअरच्या लूप ब्राउझरने तो पाच सेमिटोन वर उचलला की चाट वाटीसारखी टणटणते आणि डग्गा खेळण्यातला होतो. तालाच्या लूपला की ‘नाही’ अशीच लावावी.

खर्जातला
इथे मात्र तुम्ही साफ चुकताय. तबल्याला की नाही? चाट सा-ला लावलेली असते. काळी एकच्या गाण्यावर पांढरी एकचा तबला ठेवला तर अर्ध्या सुराने बेसूर, आणि की ‘नाही’ असल्यावर ब्राउझर तो तसाच वाजवणार. ड्रमकिटचा नियम तबल्याला लावू नका. फाइलच्या नावातच ‘काळी१’ लिहा, लूप ब्राउझर ‘मूळ की’वर ठेवा आणि लूप एक-दोन सेमिटोनच्या आतलाच निवडा. त्यापलीकडे हलवायचं तर दुसरा लूप शोधा.

घुमारा
वा! म्हणजे मूळ रूपाचे पुजारी आता पिच हलवायला परवानगी देताहेत.

खर्जातला
वाचता येत असेल तर ‘एक-दोन’ हे शब्द परत वाचा. बरं, तुमचंही घ्या: पहिली चाळण सिंकवर करा. पण उरलेले पाच-सहा लूप ‘रॉ’ चालू करून, ट्रान्सपोर्ट (चालू गाणं) थांबवून ऐका. शेपूट कापलं जातंय की मुळातच आखूड आहे, ते तेव्हाच कळतं. याहून जास्त माघार मिळणार नाही.

घुमारा
मीही पाच-सहाच म्हणणार होतो. असो.

बारामात्रा
सात मात्रांचा रूपक ताल राहिलाच की. १२० ला दोन आवर्तनं, १४ मात्रा, ७ सेकंद. त्याचे १६ ठोके धरले तर आकडा येतो १३७.१४. ब्राउझरमध्ये असा तुटका बीपीएम दिसला तर लूपला नावं ठेवण्याआधी मात्रा मोजा.