मदत हवी आहे : मुलीच्या फुप्फुस प्रत्यारोपणासाठी नागपूर केव्हा सोडावे?

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी तिला गंभीर न्यूमोनिया झाला आणि त्यानंतर तिच्या फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका कायमच्या आकसून गेल्या. या आजाराला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. दमा समजून दोन वर्षे नुसते पंपच सुरू होते. खरे निदान सीटी स्कॅन झाल्यावर कळले. आता रात्रभर ऑक्सिजन लागतो. गेल्या महिन्यात सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत तिसऱ्या फेरीला ती भिंतीला हात टेकून थांबली. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८१ टक्के दिसत होता, तरी तिने विचारले, "अजून वेळ उरली आहे ना?"

धंतोलीतील आमच्या डॉक्टरांनी हैदराबाद किंवा चेन्नई येथे नाव नोंदवण्यास सांगितले आहे. दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस साधारण सहा तासांच्या आत बसवावे लागते, त्यामुळे बोलावणे आल्यावर इथून निघून चालत नाही, आधीपासून तिथेच राहावे लागते. त्यात रक्तगट जुळायला हवा आणि फुप्फुस मुलीच्या छातीत मावेल एवढ्याच मापाचे हवे, म्हणून वाट किती पाहावी लागेल हे कोणीच सांगत नाही. लवकर गेलो तर यांची नोकरी आणि धाकट्याची शाळा सुटते. उशीर केला तर तिचे वजन आणखी घटून शस्त्रक्रिया सोसण्याची ताकदच उरणार नाही.

मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्यारोपण झालेल्या मुलांपैकी निम्मीच साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे जगतात असे सांगितले गेले, आणि शरीराने नवे फुप्फुस हळूहळू नाकारले तर तो नकार बहुतेकदा याच आजाराच्या रूपाने येतो. हे तिला किती सांगावे? ती लहान नाही, आणि शरीर तिचे आहे. ज्यांनी आपल्या मुलांना सांगितले, त्यांनी केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले, हे कृपया लिहावे.

शरीराने नवे फुप्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध रोज ठरलेल्या वेळी दोनदा, आयुष्यभर घ्यावे लागते, आणि या वयातील मुले गोळ्या चुकवतात म्हणतात. तुमच्या घरी गोळ्यांचा डबा कोणाच्या ताब्यात असतो? या औषधाबरोबर पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य आहेत हे समजले, पण आमच्या अंगणात संत्र्याचे झाड आहे आणि ती त्याच्याखाली बसूनच अभ्यास करते. आपले नागपुरी संत्रे कोणाच्या डॉक्टरांनी चालू दिले का? कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने ती प्रत्यारोपणानंतर देत नाहीत, म्हणून तेवढी आधीच उरकून घेत आहोत.

उन्हाळ्यात वीज गेली की ऑक्सिजनचे यंत्र बंद पडते, म्हणून एप्रिलपूर्वी निघायचे की नाही हे ठरवायचे आहे. ज्यांनी मुलासाठी असे गाव सोडले, त्यांनी कोणत्या टप्प्यावर सोडले?