मदत हवी आहे: मोठ्या अंबाड्याला पेलणारा, केसांत खोचायचा तारेचा आकडा बनवतोय, तिसराही फसला

नमस्कार मंडळी. विषय वाचून हसू नका, घरात आधीच हसून झालंय.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तारकाम करतो, स्प्रिंगा वळतो. बायको शाळेत शिकवते. तिचे केस गुडघ्याच्या जरा वर येतात, आणि दाटही तेवढेच. सकाळी साडेसहाला अंबाडा घालून निघते आणि तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता तो मानेवर उतरतो. सध्या मोजून सोळा यू-पिना लागतात. संध्याकाळी त्या काढल्या की पाच मिनिटं डोकं धरून बसते. बाजारातला सगळ्यात मोठा क्लचर आणला तर त्याचा जबडा मिटतच नाही. वरच्या थरातले केस दातांत आणि आतला गोळा मोकळाच. एकाची स्प्रिंग तर भर वर्गात उडाली. नवरा स्प्रिंगा करतो आणि बायकोच्या डोक्यावरची तुटते, हे काही मला पटेना.

मापं देतो. पोनी बांधल्यावर मुळाशी घेर १२ सेंमी. अंबाड्याचा व्यास ११, उंची ६ सेंमी. वजनाचा हिशोबही करून पाहिला. डोक्यावर लाखभर केस, एकाची जाडी ०.०७ मिमी, लांबी सव्वा मीटरच्या आत, शेंड्याकडे विरळ होतात ती वजावट केली, तर ३०० ते ४०० ग्रॅम निघतात. न्हायल्यावरचं पाणी वेगळंच.

आत्तापर्यंतचे नमुने:

पहिला, ३ मिमी सळईची सरळ काडी, १५ सेंमी लांब. अंबाड्यात फिरत राहिली आणि दुपारी पडली. शिवाय मागून पदराला अडकायची.

दुसरा, २ मिमी पितळी तारेचा यू, दोन्ही दांडे १० सेंमी, मधलं अंतर २५ मिमी. वळवताना सोपं जावं म्हणून गॅसवर लाल केला होता. दिसायला झकास, पण दोन दिवसांत बेडकासारखे पाय फाकले.

तिसरा, त्याच मापाचा, ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा. हा फाकतो थोडा कमी, पण टोचतो, केस ओढतो आणि दुपारी दोनपर्यंत निम्मा बाहेर येतो.

दांडे दोन असावेत की तीन? सरळ की नागमोडी? लांबी किती? आणि मुळात हा घालतात कसा? बायकोला विचारलं तर म्हणते, "खुपसायचा, आणखी काय!"

चिंचपेटी
दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नात सगळं आलं. नुसता खुपसला तर सोन्याचा आकडासुद्धा पडेल. माझे केस कमरेखाली आहेत, वीस वर्षं एकाच आकड्यावर अंबाडा घालते.

आकड्याची टोकं आधी बाहेरच्या दिशेला ठेवायची, म्हणजे डोक्यापासून लांब. अंबाड्याच्या कडेवरची एक पातळशी बट टोकांवर उचलायची. मग आकडा पूर्ण उलटा करायचा, १८० अंशांत, आणि टाळूला लागून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायचा. उलटताना ती बट ताणली जाते आणि आकडा डोक्याकडे दाबला जातो. बरोबर बसला की मुळाशी हलकासा ताण जाणवतो. तो जाणवला नाही तर परत काढायचा, "जाऊ दे, चालेल" करायचं नाही. दुसरा आकडा वरच्या अंगाने, पहिल्याच्या समोरासमोर. एवढ्या केसांना दोन आकडे लागतीलच, एकावर भागवायचा हट्ट नको.

बट किती घ्यायची हे सरावाने येतं. जास्त घेतली की दुपारी डोकं दुखणार हे नक्की.

खट्याळ
केस कापा म्हणावं. खर्च दोनशे रुपये.

चिंचपेटी
खट्याळ, त्यांनी डिझाइन विचारलंय, न्हाव्याचा पत्ता नाही.

पक्कड
तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्याचा रोग एकच. नरम तार. पितळ लाल केलंत तिथेच त्याचा सगळा कडकपणा गेला. आणि ३०४ बहुतेक नरम गुंडाळीतलं घेतलं असणार, जाळीवाल्यांकडे मिळतं तसलं.

हिशोब बघा. २ मिमी स्टीलचा १० सेंमी दांडा टोकाला ५ मिमी वाकवायला साधारण पाव किलोचा जोर लागतो. म्हणजे अंबाड्याला तेवढी पकड मिळते. तीच तार १.६ ची घेतली तर जोर १०० ग्रॅमवर येतो, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणून १.६ वर जाऊ नका. आता दुसरी बाजू. २ मिमीमध्ये तेवढं वाकताना वळणापाशी ३०० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो आणि नरम ३०४ दोनशेच्या थोडं पुढे गेलं की कायमचं वाकून बसतं. तुमचे पाय फाकले ते असे. स्प्रिंग टेंपरची, म्हणजे स्प्रिंगांसाठी कडक केलेली तार घ्या, तुमच्याकडे पडलेलीच असेल. थंडच वळवा. वळण परत उघडतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

पितळाचा ताठपणा स्टीलच्या निम्मा. दागिना म्हणून ठीक.

तांबटाची नात
पितळाला इतकंही टाकून बोलू नका, पक्कड. माझे आजोबा पुण्यात तांबट आळीत बसायचे. भांडं भट्टीत घालून नरम करायचे आणि मग मठारायचे, म्हणजे हातोडीने ठोकायचे. ते गोल गोल ठोके नुसते शोभेचे नसतात, त्यांनी पत्रा घट्ट होतो. तार वळवल्यावर वळणाचा भाग ऐरणीवर चपटा ठोकून घ्या, दांडेसुद्धा हलक्या हाताने. ठोकलेलं पितळ पुन्हा तापवायचं मात्र नाही. आजोबा असले आकडे करत नसत, पण आजीचा अंबाड्याचा आकडा पितळीच होता आणि तो मी कधी फाकलेला पाहिला नाही. घामाने काळा पडतो, चिंचेने घासला की झालं.

एक सांगायचं राहिलं, जर्मन सिल्व्हरच्या मोहात पडू नका. त्यात चांदी नसते, निकेल असतं, आणि पुष्कळ बायकांना त्याने कानामागे नाहीतर मानेवर खाज सुटते.

माई
आमच्या वेळी नऊवारीवर खोपा घालून वर अग्रफूल, मूद, राखडी असे नग लावत. सोन्याचं फूल चांगलं जड असायचं. काहींना मागे आकडा असे, काहींना मळसूत्र. मळसूत्रवालं फूल फिरवत फिरवत आत घालायचं, ते आपोआप कधी पडलं नाही. लग्नात माझ्या जावेचं आकड्याचं फूल मात्र पंगतीत पडलं होतं, त्यावरून पुढे काय काय झालं ते इथे नको.

तुमच्या सौभाग्यवतींना विचारा, अंबाडा घालण्याआधी मुळाशी काही बांधतात का? नुसता पीळ घालून गुंडाळलेला अंबाडा सगळं वजन आकड्यावर टाकतो. आधी मऊ दोऱ्याने, नाहीतर कापडी रबराने पोनी बांधावी, तीन पेडी सैल वेणी घालावी आणि वेणी गुंडाळावी. वेणीच्या पेडांत आकड्याला धरायला जागा मिळते. आणि शाळेच्या दिवशी सकाळी तेल नको. तेल रात्री लावून धुवावं.

भोवरा
माईंनी सांगितलेल्या मळसूत्राचीच आजची आवृत्ती म्हणजे स्क्रूसारख्या वेटोळ्याच्या पिना. तुम्ही स्प्रिंगवाले आहात, तुम्हाला तर डाव्या हातचा खेळ. एक वरून, एक खालून, फिरवत घालायच्या. काढतानाही उलट्या फिरवूनच. घाईत ओढली की गुंता हातात येतो, स्वानुभव. अकरा सेंमीच्या अंबाड्याला बाजारातल्या पिना आखूड पडतील, वेटोळं जरा मोठं घ्यावं लागेल.

न्यू जर्सीकर
मी ऑफिसमधल्या थ्रीडी प्रिंटरवर बहिणीसाठी असाच आकडा छापला होता. आधी उभा छापला, तो पहिल्याच दिवशी थरांच्या जोडावर कटकन तुटला. आडवा छापल्यावर टिकला. पुढे उन्हात गाडीत राहिला आणि केळ्यासारखा वाकला, कारण पीएलए, म्हणजे छपाईचं ते प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पण लांबी आणि बाक ठरवायला छापील नमुने स्वस्त पडतात. माप जमलं की मग धातूत करा.

पक्कड
टोकांचं राहिलं. ग्राइंडरने कापून तशीच सोडली असतील तर कड राहिली असणार, केस तिथेच ओढले जातात. कापसाचा बोळा टोकावरून फिरवा. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा घासा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. खट्याळ यांचेही, बायकोने त्यांना खास निरोप दिलाय, तो इथे लिहीत नाही.

तिसराच आकडा चिंचपेटीताईंच्या पद्धतीने उलटवून घातला. सकाळी साडेसहाचा अंबाडा दुपारी एकपर्यंत जागचा हलला नाही! म्हणजे तीन आठवडे मी तारेला दोष देत होतो. पाय मात्र फाकलेच, तिथे पक्कड बरोबर.

चौथा असा केला. २ मिमी स्प्रिंग टेंपर स्टेनलेस, १८ मिमीच्या गजावर थंड वळवला, उघडून २२ वर आला. दांडे ९.५ सेंमी. सरळ दांडा टाळूला टोचत होता, म्हणून सोल्डरिंगची मऊ तार बायकोच्या डोक्याला मागून लावून बाक उतरवून घेतला आणि तसाच बाक दांड्यांना दिला. दोन्ही दांड्यांना मधल्या भागात दोन-दोन उथळ लाटा. चार करून पाहिल्या होत्या, काढताना केस अडकतात. टोकांवर टिग वेल्डिंगने वितळवून मणी आणला. त्या उष्णतेने टोकाचे चार-पाच मिमी नरम पडतात, पण तिथे ताण नसतोच, सगळा वळणापाशी येतो. वळणाला आच लागू दिली नाही. मग पॉलिश, मग कापसाचा बोळा.

असे दोन, एक खालून, एक वरून. माईंची वेणीही केली. चार दिवस झाले, सोळा पिनांचा डबा उघडलेला नाही. वळणावर मठारकाम करायचं मनात आहे, पण ते पितळेच्या पाचव्यावर.

धागाकर्ता
मी यांची बायको लिहितेय, यांच्याच आयडीवरून. पिना सोळा नव्हत्या, अठरा होत्या. दोन यांना कधी दिसल्याच नाहीत.

आकडा छान आहे. डोकं दुखत नाही, हे खरं. पण काल आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी घालून बघितला. त्यांचे केस पातळ, खांद्याच्या जरा खाली. त्यांच्या एवढ्याशा अंबाड्यातून तो सर्रकन खाली आला. आता त्यांनाही हवाय, आणि आणखी दोघींनाही. ह्यांनी लगेच कागदावर सहा, सात आणि आठ सेंमीचे आकडे काढायला घेतलेत. दांड्यांमधलं अंतर २२ मिमीच ठेवायचं की पातळ केसांना कमी करायचं, आणि तार बारीक चालेल का, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा, नाहीतर हे आता तिघींच्या डोक्याला सोल्डरिंगची तार लावायला शाळेत येतील.