‘सिस्ट’ला पुटी म्हणावे, कोश की गाठ?

प्रश्न : डबके आटू लागले की कोल्पोडासारखा सिलिएट (अंगावर केसांसारखे तंतू असलेला एकपेशी जीव) स्वतःभोवती भिंत उभारून गोळा होऊन पडतो. या ‘सिस्ट’ला मराठीत काय म्हणावे? त्यातून बाहेर येण्याला काय म्हणावे?

उत्तर : पुटी. पुट म्हणजे थर. आपण रंगाचे पुट चढवतो. इथेही तेच घडते. अन्न संपले, गर्दी झाली किंवा ओल गेली की पेशी वाटोळी होते, पक्ष्माभिका (अंगावरचे ते तंतू) शोषून घेते आणि संकोची रिक्तिकेवाटे (आकुंचन पावून पाणी फेकणाऱ्या पेशीतल्या पिशवीवाटे) पाणी बाहेर टाकून आक्रसते. मग भिंतीचे थर चढतात. या सगळ्याला ‘पुटीभवन’. शरीरातल्या सिस्टसाठीचा ‘गाठ’ हा शब्द डॉक्टरांकडेच राहू द्या.

दुसरे मत : ‘कोश’ नकोच. रेशमाच्या कोशात अळी जाते आणि पतंग निघतो. कोल्पोडा जातो तसाच परत येतो. ‘बीजाणू’ही नको, कारण विश्रामी पुटीत (वाईट काळ काढण्यासाठीच्या पुटीत) एक पेशी शिरली तर एकच निघते. मात्र कोल्पोडाची विभाजन पुटीही असते, जिच्यात पेशी विभागते : भिंत पातळ, आत बहुधा चार पिल्ले. म्हणून नुसते ‘पुटी’ न लिहिता कोणती ते लिहावे. आणि पॅरामेशियम या दुसऱ्या सिलिएटच्या नावावर पुटी खपवू नये. त्याची खात्रीलायक पुटी कोणी दाखवलेली नाही.

प्रश्न : मग बाहेर येणे?

उत्तर : ‘उबणे’ चुकीचे, अंडे नव्हे ते. ‘पुटीमोचन’ चालेल, पण ‘पुटी फोडून निघणे’ जास्त बोलके. क्रम असा : रिक्तिका पुन्हा धडधडू लागते, पेशी फुगते, बाहेरची भिंत तडकते, आतले पातळ आवरण फुग्यासारखे बाहेर येते. पेशी त्यात गरगर फिरते आणि शेवटी तेही फाडून सुटते. ताजे खाद्यद्रव मिळाल्यास काही तासांत.

पाहायचे असेल तर वाळवलेली माती पेट्री डिशमध्ये पसरा, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालून चिंब करा, पण बुडवू नका. डिश तिरकी करून माती हलके दाबली की थोडे पाणी निथळावे, इतकेच. माती बुडाली तर पुष्कळ जाती निघतच नाहीत. निथळ दुसऱ्या दिवशी तपासा, मग सातव्या, चौदाव्या. पहिल्या तपासणीत बहुधा कोल्पोडाच दिसेल. उशिरा उठणाऱ्या जाती पुढे. गवताचा काढा खाद्य म्हणून चालतो. मात्र गवत उकळले की त्यावरच्या पुट्या मरतात, तेव्हा चिमूटभर न उकळलेले गवत काढा गार झाल्यावर टाका.