गरोदरपणातील मधुमेहाचा अंदाज रक्ततपासणीतून आधीच येतो का?

कोथरूडकर:
पत्नीला बारावा आठवडा सुरू आहे. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी सुरुवातीलाच तपासण्या सांगितल्या, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.३ टक्के आले, मात्र डबल मार्करमध्ये (बाळातील गुणसूत्रदोषांची शक्यता पाहणारी रक्ततपासणी) पॅप-ए हे वारेत तयार होणारे प्रथिन थोडे कमी आहे. आता एक प्रयोगशाळा ॲडिपोनेक्टिन (चरबीच्या पेशींतले संप्रेरक), एसएचबीजी (लैंगिक संप्रेरके वाहून नेणारे प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) यांचे महागडे पॅकेज सुचवते आहे. ते करावे का, आणि एचबीए१सी चांगले असताना ग्लुकोज पिऊन करायची चाचणी टाळता येईल का?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सदाशिव पेठ:
ज्या स्त्रियांना पुढे गरोदरपणात मधुमेह होतो, त्यांच्यात पहिल्या तिमाहीतच ॲडिपोनेक्टिन व एसएचबीजी सरासरीने कमी आणि सीआरपी जास्त आढळते, हे खरे आहे; पॅप-एही त्यांच्यात सरासरीने कमी दिसते. परंतु हा फरक गटांच्या सरासरीतला असतो, आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या स्त्रीच्या अहवालावरून निर्णय देता येत नाही. शिवाय अहवाल काहीही आला तरी आहार, चालणे आणि वेळेवर साखर तपासणे हेच करायचे असल्याने, मी तरी या पॅकेजवर पैसे घालणार नाही.

एचबीए१सीवर विसंबू नका. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात म्हणून ते कमी दिसते, तर लोहाच्या कमतरतेत उगाच वाढलेले दिसू शकते. सुरुवातीला ६.५ किंवा अधिक आले असते, तर मधुमेह आधीपासूनच असल्याचा संशय घ्यावा लागला असता, ५.३ वरून पुढची हमी मिळत नाही, कारण वारेची संप्रेरके इन्सुलिनला खरा विरोध करू लागतात ती गरोदरपणाच्या उत्तरार्धाकडे. म्हणूनच २४ ते २८ आठवड्यांतली ग्लुकोज चाचणी टाळू नये.

हडपसरची गृहिणी:
चाचणी कोणत्या पद्धतीने होणार, हे आधी विचारून घ्या. सरकारी पद्धतीत उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक असल्यास मधुमेह धरतात. ही चाचणी पहिल्या भेटीतही करतात आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. दुसऱ्या पद्धतीत उपाशीपोटी ९२, तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ या मर्यादा असून, त्यांतली एक गाठली तरी निदान होते. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

औंधचा वाचक:
घरी शाकाहार असेल, तर त्याच पैशांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ पाहता येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. त्यात बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने कमी दाद देणे, अधिक आढळला. मात्र एवढ्यावरून फॉलिक ॲसिडची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. पॅकेज घेत नाही. पहिली ग्लुकोज चाचणी आताच करून घ्यावी का, हे डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारतो.